गेटवरचं पुष्पचक्र

२ फेब्रुवारी, शनिवार

वारुइंगे मास्तरांना पोचवून आलो. धुकं, चिखल, भाषणं लांबली. पुष्पचक्रं मात्र बघण्यासारखी. म्हणजे वाईट या अर्थी. सगळी न्जाबिनीच्या बाजारातल्या शिरूच्या आईच्या दुकानातली. सगळी गोल, सगळी पांढरी, सगळी प्लॅस्टिकमध्ये घुसमटलेली. माइकवाला पुकारतो, आता बायकोचं फूल! आता मुलांचं फूल! आता व्याह्यांचं! आता दोस्तांचं! आणि येतं ते तेच चक्र, धरणारा माणूस तेवढा वेगळा. मास्तर जन्मभर पोरांना सांगत राहिले की दुसऱ्याचं बघून उतरवू नका, आणि त्यांच्याच मातीवर ही कॉपी.

मनात आलं, हे मी घरबसल्या करीन. हात कोणाचा आहे? या उतारावरच्या निम्म्या गाई ह्या हाताने भरवल्यात. दूध सोसायटीची मोटारसायकल दिसली की लोक गेटवर येऊन उभे राहायचे. डॉक्टर आले, चहा टाका! मग सोसायटीने मला निवृत्त केलं, माझ्या जागी न्दिरांगू आला, आणि गेटं बंद. आता मला बघून कडी काढतो तो एकटा म्बाटिया. त्याचं काय, तो आणि मी एका वर्षी सुंता झालेले, एकाच वस्तऱ्याखालून गेलेले, म्हणजे जन्माचे दोस्त. त्याला काढावीच लागते.

संकल्प: सांत्वनाची पुष्पचक्रं घरी करायची. मरण काय, सगळ्यांच्याच घरी येतं. म्हणजे सगळीच गेटं उघडणार.

५ फेब्रुवारी, मंगळवार

साचा तयार. वाळलं गवत पिळून कडं केलं, वर सुतळी. गोल व्हायला हवं होतं, अंड्यासारखं झालं. आधुनिक वाटतं. फुलांचा प्रश्नच नाही, आसपास सगळे कार्नेशन लावतात, दलाल वाकड्या देठाची फुलं नाकारतो आणि ती गाईंपुढे पडतात. गाईंच्या आधी पोचलं की झालं.

संध्याकाळी: साचा गाईने खाल्ला. चूक बायकोची, वांजेरीची. तिने गाय सोडली तेव्हा मी विचारात होतो. वांजेरीचं म्हणणं, किआरीचे बाबा, गवताचं कडं गोठ्याच्या दारात टांगल्यावर गाईने काय त्याला नमस्कार करायचा होता?

या बाईला कलेचं अंग नाही. चर्चमधली फुलं दर रविवारी ती मांडते, ते वेगळं. ते नुसतं मांडणं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं पुष्पचक्र पूर्ण! प्लॅस्टिकचा कागद आणायला न्जाबिनीला कशाला जायचं, माझ्याकडे खोकंभर हातमोजे पडलेत. गाय भरवताना घालायचे ते, खांद्यापर्यंतचे, पारदर्शक, कोरे. चिरून गुंडाळले की कोणाच्या बापाला कळणार नाही. एका मोज्याची पाच बोटं चिरायची राहिली. ती वर उभी राहतात आणि वाऱ्यावर हलतात. जणू जाणारा निरोप घेतोय. मला अर्थपूर्ण वाटलं.

म्बाटियाला दाखवायला नेलं. तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि न्यारुआईला पाठ चोळायला यावं लागलं. न्यारुआई म्हणजे त्याची बायको. डिसेंबरपासून त्याच्या छातीत पाणी होतंय, नैवाशाच्या दवाखान्यात जाऊन काढून आणतात, परत होतं. मी म्हटलं, हसण्यासारखं काय आहे? तो म्हणाला, गाथुकू, लेका, ह्या मोज्यातून तू आयुष्यभर वासरांना जगात आणलंस, आता ह्याच मोज्यातून माणसांना बाहेर काढणार. वर म्हणाला, ह्या चाकाला स्पेअर आहे का?

पुष्पचक्राला तो चाक म्हणतो. शिक्षण अर्धवट राहिलं की असं होतं.

२ मार्च, शनिवार

आजचा दिवस लिहावा की नाही?

लिहितो. दोष तंत्राचा नव्हता, हवामानाचा होता.

चर्चच्या महिला मंडळाने एका म्हातारीच्या दफनासाठी चक्र मागितलं. म्हणजे वांजेरीने ते माझ्याकडून घ्यायला लावलं. फुलं ताजी राहावीत म्हणून मी डोकं चालवलं. न्दिरांगूकडून माझ्या जुन्या टाकीत द्रव नायट्रोजन भरून आणला. बैलाचं बीज वर्षानुवर्षं त्यात टिकतं, कार्नेशन एक सकाळ टिकणार नाही? चर्चमागे बसून एकेक फूल टाकीच्या तोंडातून आत, एकेक बाहेर. असा ताजेपणा शिरूच्या आईने जन्मात पाहिला नसेल. चक्र बांधलं, पळत नेलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ते उचलून जरा नीट धरायला म्हणून वरून थोपटलं.

फुटलं. कपबशी फुटावी तसं. पाकळ्या खळ्ळकन खाली. ज्या फुटल्या नाहीत त्या धर्मगुरूंची प्रार्थना संपेपर्यंत शिजवलेल्या पालकासारख्या लोंबायला लागल्या. अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, डॉक्टर, म्हातारीने तुमचं काय वाकडं केलं होतं?

घरी येताना वांजेरी मोटारसायकलवर मागे बसली नाही. चालत आली.

११ मार्च, सोमवार, पहाटे

झोपेत उत्तर सापडलं. दोष घाईचा आहे! माणूस आज गेला की उद्यापर्यंत फुलं हवीत, मग कला कधी करायची? मरण सांगून येत नाही म्हणतात. साफ खोटं. आमच्या उतारावर निम्म्या वेळा ते चांगलं सहा-सहा महिने आधी सांगून येतं. दवाखान्याच्या फेऱ्या, दारात औषधाच्या बाटल्या, परगावचे नातेवाईक. फक्त कोणी त्याचा नीट उपयोग करत नाही.

योजना: पुष्पचक्रं आधी करून ठेवायची. वाळली तरी रंग न सोडणारी कागदासारखी फुलं खालच्या शेतांत ढिगाने आहेत. सवडीने, ज्याचं त्याला शोभेल असं करायचं. त्यासाठी ज्याचं त्याला भेटायचं, त्याचा स्वभाव समजून घ्यायचा, आवडता रंग विचारायचा.

वांजेरीला सांगितलं. तिने हातातला बटाटा खाली ठेवला. म्हणाली, जित्या माणसाच्या मातीची तयारी आपल्यात कोणी करत नाही, खड्डासुद्धा आदल्या दिवशी खणत नाहीत, हे विसरलात का? मी म्हटलं, ह्या अंधश्रद्धा. ती म्हणाली, बरं, मग पहिलं स्वतःचं करा.

उत्तर द्यायच्या लायकीचं नव्हतं.

१४ मार्च, गुरुवार

रुग्णभेटींना सुरुवात. आधी माजी चीफ किहोरो, एकेकाळी या उतारावरचं सरकार म्हणजे तेच. जानेवारीपासून अंथरुणात. यांचं दफन म्हणजे काय, तंबूच चार लागतील, मोटारी डांबरी रस्त्यापर्यंत. गेट उघडलं! मुलगी म्हणाली, डॉक्टर, किती दिवसांनी. चहा, उकडलेलं रताळं. तासभर बसलो. निघताना सहज विचारलं, चीफ, तुमचा आवडता रंग कोणता? म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. निळा, म्हणाले. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नाही, म्हणाले.

मग वांगारे आजी. ऐकू कमी येतं. रंग विचारला तर म्हणाली, गाईचा की बैलाचा?

गावाला माझी गरज होती हे आज कळलं. दोन घरं, दोन चहा.

२४ मार्च, रविवार

किआरीच्या खोलीत कारखाना. तो नैरोबीत असतो, त्याला खोली कशाला? चीफचं चक्र पूर्ण: निळं, दोन हातांच्या कवेत मावेल न मावेल एवढं, मध्ये पांढरा क्रूस, खाली फितीवर नाव. दृष्ट लागेल. वांगारे आजीचं जांभळं. सोसायटीच्या जुन्या खजिनदाराचं लाल-पिवळं, मागच्या आठवड्यात त्यांना घेरी आली असं ऐकलं.

किहोरोंच्या मुलीचा निरोप: बाबा विचारतात, स्वेटर कधी होतोय?

लोकांचे गैरसमज कसे होतात बघा. म्हटलं, लोकर यायची आहे.

३० मार्च, शनिवार

म्बाटियाचंही करून टाकलं. फुलं चीफमध्ये संपली होती, म्हणून सायप्रसचा पाला जास्त. कडेने आठ कार्नेशन, दलालाने टाकलेली. साधंच, पण त्यात आपलेपणा आहे. दोस्तीत देखावा कशाला? शिवाय त्याच्या दफनाला कोण येणार, कोबीवाले आणि दूधवाले. डांबरी रस्त्यापर्यंत मोटारी काही जाणार नाहीत.

त्याच्याकडे रोज जातोच. आज दम जास्त लागत होता. बोलत होता, पण मी चीफच्या क्रूसाचा विचार करत होतो, तो जरा तिरका झालाय.

६ एप्रिल, शनिवार

झाला प्रकार शांतपणे लिहितो.

दुपारी म्बाटिया आला. चालत. दवाखान्याशिवाय तीन महिने गेटाबाहेर न पडलेला माणूस काठी टेकत, थांबत थांबत वर आला, हातात कोंबडी. वांजेरीला म्हणाला, गाथुकू रोज येतो माझ्याकडे, सख्खे भाऊ येत नाहीत. त्याला काही द्यावं वाटलं. मी खाली फुलं गोळा करायला गेलो होतो. वांजेरीने चहा टाकला आणि त्याला थंडी वाजतेय म्हणून म्हणाली, किआरीच्या खोलीतली घोंगडी घ्या.

मी आलो तेव्हा तो किआरीच्या पलंगावर बसलेला. मांडीवर चक्र. फितीवर त्याचं नाव.

मी म्हटलं, हे फक्त नमुन्यासाठी आहे. त्याने आधी चीफचं बघितलं. वांगारे आजीचं बघितलं. परत आपलं बघितलं, आणि फुलं मोजली. मोठ्याने. मग म्हणाला, किहोरोने माझ्या बापाची जमीन खाल्ली, त्याला एवढं आभाळ. आणि मला कुंपणाचा पाला?

मी म्हटलं, फुलांचा तुटवडा होता. तो म्हणाला, मेलेल्या माणसाचं चाक आहे म्हणून मी रागावलो असं वाटतंय का तुला? मरणार तर आहेच मी. नैवाशाच्या डॉक्टरने सांगितलंय, तुलाही मी सांगितलं होतं, तू ऐकत नव्हतास. मग म्हणाला, अख्ख्या उताराला त्याचा रंग विचारत फिरलास, मला विचारलास?

आता दोस्ताला काय विचारायचं. दोस्ताचं माहीतच असतं.

चक्र खांद्याला अडकवून तो निघाला. मी म्हटलं, मोटारसायकलने सोडतो. नको म्हणाला. कोंबडी ठेवून गेला. संध्याकाळी वांजेरीने ती कापली नाही.

८ एप्रिल, सोमवार

ऐकण्यात आलं की म्बाटिया वाटेत प्रत्येकाला थांबवून चक्र दाखवत गेला. हे बघा, गाथुकूने माझं केलंय, मोजा फुलं. दूध गोळा करतात तिथे रांगेत उभ्या सगळ्यांनी मोजली म्हणे. आणि आता ते त्याने स्वतःच्या गेटवर टांगलंय, रस्त्याच्या बाजूने, खिळा मारून.

आधी राग आला. मग शांत डोक्याने विचार केला. म्बाटियाचं गेट कुठे आहे? दूध सोसायटीच्या वाटेवर. सकाळ-संध्याकाळ सगळा उतार तिथून जातो. अशी जागा शिरूच्या आईला पैसे देऊन मिळणार नाही. त्याच्याही नकळत त्याने माझी जाहिरात केली. दोस्त तो दोस्तच.

मात्र ते चक्र माझं सर्वोत्तम काम नाही, ही अडचण आहे.

१० एप्रिल, बुधवार

चीफ किहोरो उठले! रंग कशासाठी विचारला होता हे त्यांना कोणीतरी समजावून सांगितलं. त्याबरोबर जानेवारीपासून पडलेला माणूस काठी घेऊन गेटापर्यंत आला आणि माझ्या नावाने इतक्या मोठ्याने ओरडला की आमच्या अंगणात ऐकू आलं. दवाखान्याला जे जमलं नाही ते माझ्या भेटींनी जमलं, याची कोणी नोंद घेणार नाही.

खजिनदारांच्या बायकोने दुधाच्या रांगेत वांजेरीला सांगितलं, तुमच्या नवऱ्याला सांगा, आमच्याकडे कोणालाच कुठलाही रंग आवडत नाही.

२ मे, गुरुवार

पाऊस. आज मुद्दाम वरच्या वाटेने सगळ्यांच्या गेटांवरून गेलो. मला बघून बायका आत गेल्या. एका घरी आजोबा ओसरीवर बसले होते, सुनेने मला बघताच त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. आजोबा चांगले जाडजूड आहेत. माणसांच्या अंगात एवढी ताकद येते, ती फुलांमुळे.

सोसायटीच्या नोकरीत असताना गाय आटली तरी लोक मला चहा द्यायचे. आता त्यांच्याकडचं कोणी आजारी आहे का असंसुद्धा विचारायची चोरी.

संकल्प: लग्नाची फुलं करायची. लग्नाला कोण घाबरतं?

१९ मे, रविवार

लग्नाची फुलंही लोकांना नको आहेत. नवरीच्या आईने मला बघून छातीवर क्रूसाची खूण केली.

म्बाटियाचा निरोप आला, न्यारुआईकडून वांजेरीला आणि वांजेरीकडून मला: त्याला सांग, तुझं चाक वाळतंय, येऊन पाणी घाल.

उत्तर पाठवलं, वाळलेल्या पाल्याला पाणी घालून उपयोग नसतो. एवढं त्याला कळायला हवं, स्वतः शेतकरी आहे. वांजेरी म्हणाली, किआरीचे बाबा, तो पाल्याबद्दल बोलत नाहीये. मग कशाबद्दल बोलतोय? ज्याला बोलायचं त्याने सरळ बोलावं.

आधी त्याने ते चक्र गेटवरून काढावं. मग मी जाईन. माझ्याच नावाची फजिती लटकत असलेल्या गेटातून मी वाकून आत कसा जाऊ?

९ जून, रविवार

चर्चमध्ये न्यारुआई एकटीच. म्हणजे तो आला नाही. मी तिकडे बघितलं नाही, पण दिसलं.

दुसरा निरोप: त्याला सांग, चाकाची दोन फुलं बकरीने खाल्ली, सहाच राहिली, आता तरी नवी घेऊन ये.

हा उघड टोमणा. मी उत्तर दिलं नाही.

८ जुलै, सोमवार

आमच्या उंचीवर जुलै म्हणजे कडाक्याची थंडी, गवतावर पांढरं दव गोठलेलं. म्हणजे तब्येत नाजूक असलेल्याने बाहेर पडू नये. माझी म्हणतोय. म्बाटियाकडे जायचं ठरवलं होतं, पण मोटारसायकलचा प्लग ओला. चालत जाण्याएवढं जवळ आहे, असं वांजेरी म्हणाली. तिला वाट कुठे माहीत आहे, चिखल किती असतो तो.

दुपारी उन्ह पडलं. पण तोपर्यंत स्वेटर धुतला होता.

सोमवारी जातो. आज सोमवारच आहे. म्हणजे पुढच्या.

२१ जुलै, रविवार

न्दिरांगू भेटला. तो म्बाटियाच्या गाईसाठी गेला होता. म्हणाला, म्हाताऱ्याने मला आत बोलावून बसवलं आणि तासभर तुमच्याच गोष्टी सांगितल्या. तुम्ही दोघं पोरवयात बैलावर बसून बाजारात गेलात ती. वासरू अडलं होतं आणि तुमचा हात आत अडकला ती. हसताना त्याला दम पुरत नाही, पण थांबत नाही. निघताना म्हणाला, डॉक्टर दिसला तर सांग, गेटाला कडी लावलेली नाही.

हात अडकला नव्हता. मी वासराची स्थिती तपासत होतो.

उद्या जावं म्हणतो. चक्राचं काही बोलणार नाही, तोही बोलणार नाही. थोडी चांगली फुलं मिळाली तर घेऊन जावीत. मोकळ्या हाताने कसं जायचं? फुलं मिळेपर्यंत थांबतो. सरळ देठाची हवीत.

३ ऑगस्ट, शनिवार

फुलं मिळाली नाहीत. दलालाने सगळीच उचलली, वाकडीसुद्धा. माझं नशीब.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पहाटे वांजेरी गोठ्यातून आली, दुधाची बादली तशीच खाली ठेवली. म्हणाली, म्बाटिया गेला. रात्री.

मी म्हटलं, काल तर बरा होता. ती म्हणाली, तुम्हाला काय माहीत काल कसा होता?

मला राग आला. बादली उचलून आत ठेवली.

१९ ऑगस्ट, सोमवार

रोज संध्याकाळी म्बाटियाच्या अंगणात बैठक. प्रार्थना, चहा, दफनाची तयारी, कोण काय आणणार. मी गेलो. गेटवर खिळा आहे, चक्र नाही. बकरीने संपवलं असणार. हायसं वाटलं. खरं लिहायचं तर त्या गेटातून आत जाताना मला कोणी अडवलं नाही, पण पहिल्यांदाच कोणी या डॉक्टर म्हटलंही नाही. मागच्या बाकावर बसलो. चहा आला तो शेवटी.

बैठकीत उभं राहून जाहीर केलं, दोस्तांचं फूल माझं. सगळ्यांनी न्यारुआईकडे बघितलं. न्यारुआई म्हणाली, बरं.

आता असं चक्र करीन की उतार बघत राहील. किआरीच्या खोलीतलं चीफचं उसवलं, आजीचं उसवलं, खजिनदारांचं उसवलं. सगळी फुलं म्बाटियाला. पाल्याचं एक पान नाही. खालच्या शेतात जाऊन सरळ देठाची कार्नेशन मागून आणली. विचारलं तर लगेच दिली. इतकं सोपं होतं.

वांजेरी मध्येच येऊन शेजारी बसली, सुतळी धरली, आणि कडं गोल कसं ठेवायचं ते दाखवलं. आतून काडी घालायची. मला सुचणारच होतं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

दफन झालं. माणसं इतकी की कोबीच्या वाफ्यात उभी राहिली. दूधवाले, कोबीवाले, दलाल. चीफ किहोरोसुद्धा खुर्ची घेऊन आले. मोटारी मी मोजल्या नाहीत.

माझं चक्र सगळ्यांत मोठं. मला ते धरून चालता येत नव्हतं एवढं. शिरूच्या आईने स्वतः वळून पाहिलं. मातीचा ढीग झाला, गाणं सुरू झालं, माइकवाल्याने पुकारायला सुरुवात केली. बायकोचं फूल. मुलांचं. नातवंडांचं. व्याह्यांचं. आता दोस्तांचं फूल, डॉक्टर गाथुकू!

मी निघालो तर न्यारुआई आडवी आली. तिच्या हातात पिशवी. पिशवीतून तिने ते काढलं. सायप्रसचा पाला वाळून तांबडा झालेला, सहा कार्नेशनची काळी बोंडं, फितीचं एक टोक बकरीने चावलेलं. मागच्या आठवड्यात त्याने ते गेटवरून काढायला लावलं होतं, उशाशी ठेवलं होतं. न्यारुआई म्हणाली, भावोजी, तुमचं नवं छान आहे, पण त्यांनी हे सांगितलंय. म्हणाले, बाकीची फुलं काही मी बघायला नसेन, हे एक मी पाहिलंय. हेच ठेवायचं. आणि गाथुकूनेच ठेवायचं, सगळ्यांच्या समोर.

नवं तिथेच कोबीत ठेवलं. जुनं घेऊन पुढे गेलो. माइकवाल्याला काय बोलावं कळेना, तो म्हणाला, आता, हं, दोस्तांचं फूल. पाला चालताना गळत होता. मागे आवाज आला. लोकांना रडू आवरेना, खांदे हलत होते, बायकांनी तोंडाला शालींची टोकं लावली.

नाही. हसत होते. आधी दूधवाले, मग सगळे. धर्मगुरूंनी पुस्तक तोंडासमोर धरलं. चीफ खुर्चीत बसून काठी आपटत होते. न्यारुआई डोळे पुसत हसत होती. मी वाकून चक्र मातीवर ठेवलं. ते गोल नव्हतंच, एका बाजूला कललं, तसं अजून हसले. आणि मी सवयीने मागे वळून म्बाटियाला शोधलं. माझ्यावर कोणी हसलं की सगळ्यांत मोठ्याने तोच हसतो, आणि त्याला खोकला लागला की मग मलाही हसू येतं. गर्दीत सगळीकडे बघितलं. मग कळलं कुठे बघायचं ते.

तिथेच उभा राहिलो. कोणीतरी हात धरून बाजूला घेतलं, तो किहोरो होता.

मी चार महिने गेलो नाही. कडी लावलेली नव्हती.

घरी आलो. वांजेरीने चहा दिला. नवं चक्र तिने दारात आणून ठेवलंय, त्याचं काय करायचं ते उद्या बघू. झोपतो आता.